क्रोमियमच्या बाटलीतलं निकेल

बल्क ड्रगच्या कारखान्यात उमेदीची वर्षं गेली की दोनच प्रश्न विचारायची सवय जडते. माल किती पडेल? आणि पुढच्या बॅचला पुन्हा तसाच पडेल का? ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कंपनीत मी प्रोसेस डेव्हलपमेंटचं काम केलं. त्यामुळे कुणी नव्या औषधाची बातमी वाचून दाखवली की ‘कशावर आहे?’ हे विचारायच्या आधी माझ्या तोंडून ‘किलोने होतं का?’ हेच निघतं. घरचे यावरून माझी थट्टा करतात. करोत बापडे. समुद्रातून येणाऱ्या औषधांच्या बाबतीत तरी या दोन प्रश्नांना बगल देऊन पुढे जाता येत नाही.

‘अमुक शेवाळात कर्करोगावर उतारा’, ‘तमुक स्पंजात जादूचा रेणू’ अशा बातम्या अधूनमधून येतात. त्या खोट्या नसतात, अर्ध्या असतात. उरलेला अर्धा भाग प्रयोगशाळेत आणि कारखान्यात घडतो. तो वेळखाऊ असतो, त्याला भरपूर सॉल्व्हंट लागतो, आणि बरेचदा त्याची किल्ली एखाद्या धातूच्या हातात असते. एका जपानी स्पंजाची पुरी गोष्ट सांगते, म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल.

६०० किलोंत साडेबारा मिलिग्रॅम

स्पंज हा प्राणी आहे. कोकणातल्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीला पिवळे-नारिंगी लगदे खडकाला चिकटलेले दिसतात, त्यांत स्पंजही असतात. त्याला पळता येत नाही, चावता येत नाही, अंगावर शिंपलाही नाही. त्याच्याकडे हत्यार एकच, रसायन. म्हणूनच समुद्रात औषधं शोधणाऱ्यांचं पहिलं लक्ष स्पंजाकडे जातं.

टोकियोच्या दक्षिणेला मिउरा द्वीपकल्प आहे. तिथल्या किनाऱ्यावरून ‘हॅलिकॉन्ड्रिया ओकादाई’ या काळ्या स्पंजाचा ६०० किलो माल गोळा करून योशिमासा हिराता आणि दाइसुके उएमुरा यांनी त्यातले रेणू वेगळे केले. १९८५-८६ मध्ये ते प्रसिद्ध झालं. सगळ्यांत जहाल ठरलेला रेणू म्हणजे हॅलिकॉन्ड्रिन-बी. उंदरांमधल्या कर्करोगावर तो अगदी सूक्ष्म मात्रेत लागू पडत होता. मिळाला किती? साडेबारा मिलिग्रॅम. म्हणजे चार कोटी ऐंशी लाख भाग स्पंजात एक भाग. काट्यावर ठेवला तर डोळे बारीक करून बघावा लागेल एवढा.

अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटने १९९१ मध्ये दाखवून दिलं की हा रेणू ट्युब्युलिन या प्रथिनावर काम करतो. पेशी दुभंगताना गुणसूत्रांची वाटणी ज्या सूक्ष्म नलिका करतात, त्या याच प्रथिनाच्या बनलेल्या असतात. नलिकेची वाढ थांबली की पेशी अर्ध्या वाटेवर अडकते आणि मरते. औषध म्हणून आशा दिसत होती, पण चाचण्यांना माल कुठून आणायचा? दात कोरून पोट भरत नाही.

मग न्यूझीलंडच्या कैकोरा किनाऱ्यालगत खोल पाण्यात ‘लिसोडेन्डोरिक्स’ नावाचा दुसरा स्पंज सापडला. त्यात हाच रेणू होता. एक टन स्पंज काढला, हाती लागले सुमारे ३०० मिलिग्रॅम. तिथे हा स्पंज एकूण किती असेल याचा अंदाज घेतला, तो आला ३०० टनांच्या आसपास. आता साधा हिशोब करा. सगळाच्या सगळा स्पंज खरवडून काढला, समुद्राचा तो तळ उजाड केला, तरी पदरात पडणार नव्वद ग्रॅम. बाजारात टिकणाऱ्या औषधाला वर्षाकाठी किलोच्या मापात माल हवा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर समुद्राकडे नव्हतं.

उजवं-डावं

मग हा रेणू माणसानेच घडवायचा. सांगायला सोपं आहे.

हॅलिकॉन्ड्रिन-बीमध्ये ६० कार्बन, ८६ हायड्रोजन आणि १९ ऑक्सिजन आहेत. अणूंची संख्या ही खरी अडचण नाही, अडचण आहे त्यांच्या दिशेची. कार्बनला चार वेगवेगळे शेजारी असले की ते दोन तऱ्हांनी बसू शकतात. दोन्ही रचना दिसायला एकसारख्या, पण उजव्या आणि डाव्या पायाच्या चपलांसारख्या एकमेकींच्या जागी न चालणाऱ्या. हॅलिकॉन्ड्रिनमध्ये अशा तीसहून अधिक जागा आहेत. नुसत्या तीस धरल्या तरी शंभर कोटींवर रचना संभवतात, आणि समुद्राने त्यांतली नेमकी एकच वापरली आहे. प्रत्येक टप्प्यावर हवी तीच बाजू मिळाली नाही तर पुढची सगळी मेहनत पाण्यात.

असा रेणू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत विणत नेत नाहीत. तुकडे वेगवेगळे तयार करतात आणि मग जोडतात. दहा-बारा माणसांनी महिनोन्‌महिने खपून बनवलेले दोन तुकडे शेवटी समोरासमोर येतात, तेव्हा जोड अशी लागते की जी बाकी कशाला धक्का लावणार नाही. इथे धातू कामाला येतात.

विषाच्या नादी लागून सापडलेली जोड

हार्वर्डमधले योशितो किशी हे मूळचे नागोयाचे, जन्म १९३७. ज्या हिरातांनी हॅलिकॉन्ड्रिन वेगळा केला, त्यांच्याच हाताखाली ते शिकले. १९८०च्या दशकात ते पॅलिटॉक्सिनच्या मागे होते. प्रवाळाच्या जवळच्या एका समुद्री जीवातून हे विष मिळतं. हवाई बेटांवर भाल्याच्या टोकांना ते लावत, असं सांगतात. १२९ कार्बन, दिशेच्या ६४ जागा. त्या काळात असा रेणू घडवायला घेणं म्हणजे वेडेपणाच होता.

पॅलिटॉक्सिनच्या एका जोडावर घोडं अडलं. एका तुकड्याच्या टोकाला अल्डिहाइड, दुसऱ्याच्या टोकाला दुहेरी बंधावर बसलेला आयोडीन. आयोडीन काढायचा आणि तिथला कार्बन अल्डिहाइडच्या कार्बनला बांधायचा. बी.एस्सी.ला आपण मॅग्नेशियमची ग्रिन्यार अभिक्रिया शिकतो, तीही हेच करते. पण तिचा स्वभाव आडदांड. रेणूवर दुसरीकडे एस्टर असो, कीटोन असो, ती कुणाला सोडत नाही.

क्योतो विद्यापीठात हितोसी नोझाकी आणि तामेजिरो हियामा यांच्या गटाने १९७७ मध्ये यावर एक सौम्य उपाय सांगितला होता, क्रोमियम क्लोराइड. क्रोमियम अल्डिहाइडला धरतं आणि इतरांकडे ढुंकूनही बघत नाही. किशींच्या विद्यार्थ्यांनी तो वापरला. जोड लागली! दुसऱ्या वेळी लागली नाही. पुन्हा लागली, पुन्हा नाही. तीच कृती, तेच तापमान, तेच हात.

फरक होता तो बाटलीत. क्रोमियम क्लोराइड कुठून आणलं, कोणत्या लॉटचं आहे, यावर निकाल ठरत होता.

ही राखाडी-पांढरट पूड मी हाताळली आहे. हवा किंवा ओल लागली की हिरवट पडते आणि कामातून जाते, म्हणून नायट्रोजनखाली सांभाळावी लागते. त्यामुळे रिअ‍ॅक्शन फसली की पहिला संशय ‘पूड खराब झाली’ हाच येणार, आणि उपायही ठरलेला, आणखी शुद्ध पूड मागवा. इथे मात्र गोष्ट उलटी निघाली. क्रोमियम जितकं शुद्ध, तितकी रिअ‍ॅक्शन मंद. चालणाऱ्या लॉटमध्ये निकेलचा अंश होता, आणि खरं काम त्या भेसळीने सुरू होत होतं. हार्वर्डमध्ये किशींच्या गटाने आणि जपानमध्ये काझुहिको ताकाई, नोझाकी यांच्या गटाने १९८६ मध्ये स्वतंत्रपणे हे उघड केलं. तेव्हापासून ही अभिक्रिया नोझाकी-हियामा-किशी या तिघांच्या नावाने ओळखली जाते.

आत घडतं ते असं. क्रोमियमला त्या आयोडीनला थेट हात घालता येत नाही. निकेलला येतो. निकेल कार्बन आणि आयोडीन यांच्या मध्ये शिरतं, तो कार्बन क्रोमियमच्या हवाली करतं आणि पुढच्या रेणूकडे वळतं. क्रोमियम तो कार्बन अल्डिहाइडला बांधतं. एकच निकेल अणू तेच काम पुन्हा पुन्हा करतो, म्हणून क्रोमियमच्या हजारात एक ते शंभरात एक भाग निकेल पुरतं. मग जास्त का घालू नये? कारण निकेल वाढलं की आयोडीनवाले तुकडे आपसातच जुळतात आणि अल्डिहाइड बिचारं बाजूला राहतं. उत्प्रेरकाचं गणित असंच असतं. कमी पडला तर काम होत नाही, जास्त झाला तर भलतंच होतं.

अर्धाच रेणू पुरला

या जोडीच्या भरवशावर किशींनी १९९२ मध्ये हॅलिकॉन्ड्रिन-बी पूर्ण घडवला. पॅलिटॉक्सिन १९९४ मध्ये पुरा झाला. आमच्यासारख्या कारखान्यातल्या लोकांना मात्र यातली सगळ्यांत मोलाची गोष्ट वेगळीच वाटते. पूर्ण रेणू घडवताना जे तुकडे हाताशी आले होते, तेही तपासायला दिले गेले. एसाय या जपानी कंपनीच्या अमेरिकेतल्या अँडोव्हर इथल्या प्रयोगशाळेत ब्रूस लिटिलफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं की रेणूचा उजवा अर्धा भाग एकटाच पेशी मारतो. डावा अर्धा नसला तरी चालतं! स्पंजातून काढलेल्या मालावर ही गोष्ट कळली नसती, कारण स्पंज अर्धा रेणू वेगळा करून देत नाही. तो घडवणाऱ्याच्याच हाती येतो.

त्या उजव्या अर्ध्यावर संस्कार करत एरिब्युलिन तयार झालं. दिशेच्या जागा तीसवरून १९ वर आल्या. तरीही ६२ टप्पे! आम्ही ज्या गोळ्यांचा कच्चा माल करायचो त्यांना आठ-दहा टप्पे म्हणजे पुष्कळ वाटायचे. दर टप्प्याला नव्वद टक्के माल पडला, म्हणजे कुणीही पाठ थोपटेल असा, तरी एका सरळ रांगेतल्या ६२ टप्प्यांनंतर हजारात दीड भागच उरतो. म्हणून तुकडे समांतर करतात आणि मग जोडतात, आणि म्हणून जोडाची अभिक्रिया खात्रीची लागते. एरिब्युलिनमध्ये क्रोमियम-निकेलची जोड एकाहून अधिक ठिकाणी आहे. सर्वांत मोठं वलय मिटवणारी गाठही तीच. ती एका लॉटला लागून दुसऱ्याला न लागती, तर औषधच झालं नसतं.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १५ नोव्हेंबर २०१० रोजी एरिब्युलिनला, बाजारातलं नाव हॅलाव्हेन, शरीरात पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगासाठी परवानगी दिली. ७६२ स्त्रियांवर झालेल्या चाचणीत इतर उपचार घेणाऱ्या स्त्रियांचं मध्यम आयुर्मान १०.६ महिने होतं, एरिब्युलिन घेणाऱ्यांचं १३.१. अडीच महिने. बाहेरून बघणाऱ्याला हे थोडं वाटेल. पण अनेक केमोथेरपी थकल्यावरच्या रुग्णांमध्ये एकट्या औषधाने आयुष्य वाढवून दाखवणं तोवर फारसं जमलं नव्हतं. मात्रा किती? शरीराच्या दर चौरस मीटरला १.४ मिलिग्रॅम, म्हणजे मध्यम बांध्याच्या बाईला एका वेळी सव्वादोन मिलिग्रॅमच्या आसपास. मिउराच्या ६०० किलो स्पंजातून मिळालेला माल एवढ्या मापाने पाच-सहा इंजेक्शनांत संपला असता.

त्याच २०१० च्या ऑक्टोबरमध्ये रिचर्ड हेक, एइ-इची नेगिशी आणि अकिरा सुझुकी यांना पॅलेडियमच्या जोडांसाठी नोबेल जाहीर झालं. तेव्हा उदाहरणादाखल नाव घेतलं गेलं ते कॅरिबियन समुद्रातल्या स्पंजापासून मिळालेल्या डिस्कोडर्मोलाइडचं. नोव्हार्टिस कंपनीने पॅलेडियमचा वापर करून तो साठ ग्रॅम घडवला होता, एरवी ते अशक्यच होतं. पण माणसांवरच्या चाचण्यांत फुप्फुसांना इजा दिसली आणि काम थांबलं. हेही सांगितलं पाहिजे. धातू माल देतो, गुणाची हमी देत नाही.

भेसळीचा इतिहास

क्रोमियमच्या बाटलीतलं निकेल ही एकुलती एक गोष्ट असती तर मी तिला योगायोग म्हटलं असतं. पण जर्मनीतल्या म्युल्हाइममध्ये १९५३ साली कार्ल झिग्लर यांची इथिलीनची एक रिअ‍ॅक्शन अशीच वाट सोडून गेली. शोध घेतला तेव्हा पोलादी ऑटोक्लेव्हमध्ये राहिलेला निकेलचा अंश सापडला. मग दुसरे धातू काय करतात हे पाहता पाहता स्वस्त पॉलिथिलीन बनवणारे उत्प्रेरक हाती आले. झिग्लर यांना १९६३ मध्ये नोबेल मिळालं. अलीकडच्या काळात सुझुकीची जोड कोणत्याही धातूशिवाय लागते, असं एका गटाने जाहीर केलं होतं. पुढे त्याच गटाने २००५ मध्ये खुलासा केला की त्यांच्या सोडियम कार्बोनेटमध्ये पॅलेडियम होतं, अब्जात पन्नास भाग. धुण्याच्या सोड्यात! तेवढं पुरलं.

उलटाही अनुभव येतो. आमच्याकडे पॅलेडियम-कार्बनवर चालणारं एक हायड्रोजनेशन होतं. वर्षानुवर्षं सुरळीत चाललेलं. एके दिवशी हायड्रोजनचा दाब काही केल्या उतरेना, काटा जागचा हलेना. सगळे उत्प्रेरकाला शिव्या देत होते. आमचा जुना ऑपरेटर एवढंच म्हणाला, “मॅडम, सकाळी नवा ड्रम फोडलाय.” उत्प्रेरकाचा नव्हे, कच्च्या मालाचा. त्यात गंधकाचा अंश निघाला, आणि गंधक पॅलेडियमला विष. ऑपरेटरकडे ड्रमचा नंबर लिहिलेला होता म्हणून दुपारपर्यंत छडा लागला. नसता तर आठवडा गेला असता, आणि दोष गेला असता भलत्याच्याच माथी.

काम झालं की धातूला बाहेर काढणं हेही आमचंच काम. औषधात पॅलेडियम राहू देण्याची आंतरराष्ट्रीय मर्यादा तोंडावाटे दिवसाला १०० मायक्रोग्रॅम, शिरेतून दिल्यास १०. ज्या धातूने जोड लावली त्याचा मागमूस शेवटच्या पुडीत राहता कामा नये, म्हणून कार्बन, सिलिका, धुण्या, स्फटिकीकरण यांत बराच वेळ आणि पैसा जातो. एरिब्युलिनच्या कारखान्यात मधले पदार्थ शक्य तिथे स्फटिक करून शुद्ध करतात ते उगीच नव्हे.

क्रोमियमचा पूर्वी मोठा खर्च होता. प्रत्येक जोडाला निदान दोन अणू लागायचे, प्रत्यक्षात त्याहून खूप जास्त, कारण ऑक्सिजनला चिकटलेलं क्रोमियम सुटत नसे. अ‍ॅलॉइस फ्युर्स्टनर यांनी १९९६ मध्ये, तेही म्युल्हाइममध्येच, त्यावर तोड काढली. क्लोरोट्रायमिथाइलसिलेन ऑक्सिजन धरून क्रोमियम मोकळं करतं, आणि मँगनीजची पूड त्याला पुन्हा कामाला जुंपते. क्रोमियम तेव्हापासून खऱ्या अर्थाने उत्प्रेरक झालं. किशींच्या गटाने पुढे उजवं-डावं नेमकं राखणारे सहायक रेणू शोधले. २०१७ मध्ये त्यांनी झिर्कोनियम आणि निकेल यांच्या साहाय्याने दोन अर्धे भाग शेवटी जोडण्याची रीत दिली. २०१९ मध्ये किशी आणि एसाय यांनी मिळून पूर्ण आकाराच्या हॅलिकॉन्ड्रिनसारखा ‘ई-७१३०’ हा रेणू ९२ टप्प्यांत ११.५ ग्रॅम बनवला, ९९.८ टक्क्यांहून शुद्ध. तो माणसांवरच्या चाचण्यांत गेला. जिथे मिलिग्रॅमसाठी समुद्राचा तळ खरवडावा लागत होता, तिथे ग्रॅम काचेच्या भांड्यात तयार झाले. किशी २०२३ च्या जानेवारीत वारले.

आपल्याकडे गोव्यात दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ पासून आहे, आणि पुण्यात पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० पासून. समुद्रातले रेणू शोधणारे आणि रेणू घडवणारे, दोघंही आपल्या दाराशी आहेत. त्यांच्याकडे संशोधनाला जाणाऱ्या मुलामुलींना माझं एकच सांगणं आहे. प्रयोगवहीत ‘क्रोमियम क्लोराइड, शुद्ध’ एवढ्यावर थांबू नका. कंपनी लिहा, लॉट नंबर लिहा, बाटली कोणत्या तारखेला फोडली ते लिहा. रिअ‍ॅक्शन फसली की बाटली फेकू नका, तिच्यावर चिठ्ठी लावून कपाटात ठेवा. आणि चालली तर त्याहून जपून ठेवा, कारण ती का चालली हे बहुतेकदा तुम्हाला अजून माहीत नसतं.